हस्तलिखित वर्तमानें : व्हेनिस, रोम व आउग्सबुर्ग येथील वृत्तलेखकांचा व्यवसाय

जर्मन भाषेंतील 'त्साइटुंग' या शब्दाचा आजचा अर्थ वर्तमानपत्र असा आहे. सोळाव्या शतकांत तो तसा नव्हता. त्या काळीं 'त्साइटुंग' म्हणजे एखादी वार्ता; आपल्या जुन्या पत्रांत 'इकडील वर्तमान' असें जें येतें, त्यांतील 'वर्तमान' हाच त्याचा अर्थ. पुढें शब्दाचा अर्थ सरकला, कागद मात्र जागच्या जागीं राहिले. आणि त्यामुळें व्हिएन्ना येथील एका प्रसिद्ध हस्तलिखितसंग्रहाविषयीं दोन गैरसमज दीर्घकाळ चालत आले. हा संग्रह 'फुगर-त्साइटुंगेन' या नांवानें ओळखला जातो. नांवावरून कित्येकांनीं हीं युरोपांतील पहिलीं वर्तमानपत्रें होत असें म्हटलें. दुसऱ्या कित्येकांनीं, फुगर हे जगप्रसिद्ध सावकार, तेव्हां हे त्यांच्या ठिकठिकाणच्या गुमास्त्यांचे गुप्त अहवाल असले पाहिजेत, असें ठरवून टाकलें. हे कागद वर्तमानपत्रें नव्हेत, आणि बहुतांशीं गुमास्त्यांचे अहवालही नव्हेत. निनांवी, नकलेवरून नकल झालेला, सहीशिक्क्याविना हातीं आलेला कागद पुराव्यास कितपत घ्यावा, हा प्रश्न आमच्या वाचकांस नित्याचाच आहे. म्हणून हे कागद नेमके काय आहेत, हें थोडें विस्तारानें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संग्रहाची हकीकत थोडक्यांत अशी. आउग्सबुर्ग येथील फुगर घराण्यांतील फिलिप एडुआर्ड (१५४६–१६१८) व ओक्टाव्हियान सेकुंडुस (१५४९–१६००) या दोघां बंधूंनीं आपणांकडे येणारीं वृत्तपत्रकें जपून ठेविलीं व वर्षवार बांधून घेतलीं. इ. स. १५६८ ते १६०५ या काळांतील सुमारें १६,००० पत्रकें २७ खंडांत आज उपलब्ध आहेत. भाषा मुख्यतः जर्मन व इतालियन. सतराव्या शतकाच्या मध्यास फुगरांचें ग्रंथालय सम्राट तिसरा फर्डिनंड याला विकलें गेलें. त्याबरोबर हे खंडही व्हिएन्नास आले, आणि ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत ते अद्याप आहेत. १९२३ सालीं व्हिक्टर फोन क्लारव्हिल यानें त्यांतील निवडक उतारे छापिले व लगेच त्यांचें इंग्रजी भाषांतरही निघालें. ही निवड वाचनीय आहे; पण तिनें संग्रहाचें चित्र बरेंच विकृत केलें असें आमचें मत आहे. फांशीं, चेटकिणी, राक्षसी जन्म, भूकंप असें जें जें चमत्कारिक दिसलें तें निवडलें गेलें. प्रत्यक्ष खंडांत अशा मजकुरापेक्षां अमक्या छावणींत किती स्वार आले, अमका वकील दरबारीं केव्हां दाखल झाला, कर कोणी भरला, कोणी थकविला, अशाच रुक्ष वार्ता पानोपानीं भरल्या आहेत. २०११ नंतर व्हिएन्ना विद्यापीठांतील अभ्यासकांनीं साऱ्या खंडांची पत्रकवार सूची करून पानांचीं छायाचित्रें सर्वांस पाहतां येतील अशीं ठेविलीं, आणि काट्रिन केलर व पाओला मोलिनो यांचा या संग्रहावरील ग्रंथ २०१५ सालीं निघाला. जुने गैरसमज मोडले ते मुख्यतः या कामामुळें.

आतां पत्रकाचें रूप पाहूं. एक बंद मध्यें दुमडून झालेलीं चार पानें, हा सामान्य आकार. वरती मायना नाहीं, कोणास उद्देशून लिहिलें तें नाहीं, शेवटीं सही नाहीं. प्रारंभीं केवळ स्थळ व तिथि : 'व्हेनिसहून, अमक्या दिवशीं'. त्याखालीं सुटे परिच्छेद. प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडीं वार्तेचें मूळ सांगितलेलें असतें. कॉन्स्टँटिनोपलहून अमक्या तारखेचीं पत्रें आलीं त्यांत असें आहे. मिलानहून आलेला स्वार असें सांगतो. येथें असें बोललें जातें, परंतु खातरजमा झालेली नाहीं. लेखक स्वतःचें मत क्वचितच देतो. बातम्यांचा क्रम महत्त्वावर नसून त्या ज्या क्रमानें हातीं आल्या त्यावर असतो. त्यामुळें पहिल्या परिच्छेदांत जो सरदार मेला तो चौथ्या परिच्छेदांत जिवंत असूं शकतो, आणि लेखक दोन्ही तसेंच ठेवून देतो. आधुनिक वाचकास हा गलथानपणा वाटेल. आमच्या मतें हाच या कागदांचा प्रामाणिकपणा होय. कारण निवाडा करण्याचें काम लेखकानें आपल्याकडे घेतलेलें नाहीं, तें पैसे देऊन पत्रक घेणाऱ्यावर सोपविलें आहे.

या पत्रकांस इतालियन भाषेंत 'आव्वीझी' म्हणत. त्यांचें माहेरघर व्हेनिस आणि रोम. व्हेनिसला पूर्वेकडील जहाजें येत, तुर्की दरबारींच्या वकिलाचे खलिते येत, आणि रिआल्तोच्या बाजारांत सर्व राष्ट्रांचे व्यापारी भेटत. व्यापाऱ्याच्या पत्रांत मालाच्या भावाखालीं दोन ओळी राजकारणाच्या असावयाच्याच. त्या दोन ओळी उतरून घेऊन पांचपन्नास ठिकाणच्या पत्रांतील सार एका बंदावर आणणारे लोक सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तेथें दिसूं लागतात. त्यांस 'रेपोर्तिस्ती' म्हणत. रोममध्यें त्यांसच 'मेनान्ती', म्हणजे नकलनवीस, असें नांव होतें. तेथें पोपचा दरबार, कार्डिनलांचे वाडे आणि सर्व राजांचे वकील. सान्तांजेलो पुलाजवळच्या पेढ्यांच्या पेठेंत, बांकी येथें, वार्तांची देवघेव चाले. मूळ मसुदा एक, त्याच्या नकला अनेक, आणि त्या टपालाच्या ठराविक दिवशीं आठवड्यास एकदां रवाना होत. टाक्सिस घराण्यानें चालविलेली नियमित डाक हा या धंद्याचा कणा होता. डाक आठवड्याची, म्हणून वार्ताही आठवड्याची. आजच्या साप्ताहिकाचा काळ छापखान्यानें ठरविलेला नाहीं. तो डाकेच्या स्वारानें ठरविलेला आहे.

'गॅझेट' हा शब्दही व्हेनिसचाच. 'गाझेत्ता' नांवाचें दोन सोल्दी किंमतीचें तांब्या-चांदीच्या मिश्रणाचें एक नाणें तेथें चालत असे व त्यावरून हा शब्द आला असें सामान्यतः मानितात. परंतु सर्व पत्रकें अशा क्षुद्र किंमतीस मिळत असें मात्र समजूं नये. मेनान्ती दोन प्रतीचा माल ठेवीत. एक सर्वांस मिळणारें साधें पत्रक. दुसरें 'गुप्त' पत्रक, जें निवडक गिऱ्हाइकांस अधिक दाम घेऊन देत. एकाच आठवड्याचीं, एकाच गांवचीं, किंबहुना एकाच हातचीं दोन पत्रकें मजकुरांत भिन्न कां, याचें उत्तर कित्येकदां एवढेंच असतें. छापखान्यास हें साधलें नसतें. हस्तलिखित हें मुद्रणाच्या अभावीं चालविलेलें गरिबाचें साधन होतें, ही समजूत येथेंच ढासळते. गुटेनबर्गची विद्या युरोपभर पसरून शंभर वर्षें झाल्यावर हा धंदा भरभराटीस आला. व्हेनिस तर मुद्रणाचें मोठेंच केंद्र होतें. तेथील लोकांनीं हातानें लिहिणें पत्करलें तें अज्ञानामुळें नव्हे. दहापंधरा नकला एका रात्रींत होतात, परवाना लागत नाहीं, गिऱ्हाइकागणिक मजकूर बदलतां येतो, आणि प्रसंग पडल्यास सर्व कांहीं शेगडींत टाकतां येतें.

प्रसंग पडत असे. राज्यकर्त्यांस या पत्रकांवांचून चालत नव्हतें आणि तीं सहनही होत नव्हतीं. व्हेनिसच्या दशमंडळानें १५७२ च्या प्रारंभीं वार्ता लिहिणाऱ्यांविरुद्ध कडक हुकूम काढले. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत पोप पाचवा पायस यानें रोममध्यें बदनामीकारक लेख व आव्वीझी लिहिणें, जवळ बाळगणें, पाठविणें यांविरुद्ध फर्मान काढलें. मे महिन्यांत तो वारला, आणि त्याच्यामागून आलेल्या तेराव्या ग्रेगरीनें सप्टेंबरांत तेंच फर्मान पुन्हां नव्यानें घोषित केलें. थोड्या महिन्यांत दोनदां हुकूम काढावा लागला, यावरून पहिल्याचा परिणाम किती झाला असेल हें उघड आहे. या कायद्यांत निंदाकाव्य आणि वार्ता यांत भेद केलेला नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. निकोलो फ्रांको हा निंदालेखक १५७० सालीं रोममध्यें फांशीं गेला, तो वृत्तलेखक नव्हता. परंतु सत्तेच्या दृष्टीनें दोन्ही एकाच वर्गांत मोडत. खऱ्या वृत्तलेखकाची पाळी १५८७ सालीं आली. पाचव्या सिक्स्तुसच्या कारकीर्दींत अनिबाले काप्पेल्लो नांवाच्या मेनान्तेस पकडून आणून त्याचा हात तोडला, जीभ कापली व सान्तांजेलो पुलापाशीं त्यास फांशीं दिलें. ज्या पेठेंत हा व्यवसाय चालत होता तिच्या तोंडाशींच ही शिक्षा झाली. पुढच्या आठवड्याची डाक मात्र चुकली नाहीं. त्या वर्षांचीं रोमचीं पत्रकें आज दफ्तरांत विपुल आहेत. पत्रकांवर सही कां नसते, याचें कारण शोधण्यास फार दूर जावयास नको.

या वार्तांस दाम कां मिळत, हें दोन उदाहरणांनीं स्पष्ट होईल. लेपांतोची आरमारी लढाई ७ ऑक्टोबर १५७१ रोजीं झाली. विजयाचें वर्तमान व्हेनिसला १९ ऑक्टोबर रोजीं, बाराव्या दिवशीं, गलबतानें पोंचलें. ज्याच्या सावत्र भावाच्या सेनापतित्वाखालीं ही लढाई झाली, त्या स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला तें ३१ ऑक्टोबर रोजीं कळलें, आणि तेंही व्हेनिसच्या वकिलाकडून. बारा दिवस बाजारास माहीत असलेली गोष्ट राजास माहीत नव्हती. आपल्या वाचकांस येथें पानिपतचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. १७६१ सालीं त्या संहाराचें वर्तमान नानासाहेब पेशव्यांस प्रथम लष्करी जासुदाकडून न कळतां सावकारी पत्रांतून कळलें. पैशाच्या वाटेनें जाणारी वार्ता बहुधा आधीं पोंचते.

दुसरें उदाहरण १५८८ च्या स्पॅनिश आरमाराचें. पाचव्या सिक्स्तुसनें फिलिपला या मोहिमेसाठीं दहा लक्ष डुकाट देण्याचें कबूल केलें होतें. पण अट अशी कीं, स्पॅनिश सैन्य इंग्लंडच्या भूमीवर उतरल्याचें सिद्ध झाल्यावरच रक्कम मिळावयाची. म्हणजे एक वार्ता खरी कीं खोटी यावर दहा लक्ष डुकाट अवलंबून होते. आगस्ट महिन्यांत पॅरिस येथील स्पॅनिश वकील बेर्नार्दिनो दे मेंदोसा यास किनाऱ्याकडून जयाच्या वार्ता आल्या; त्यानें त्या पुढें धाडल्या, छापूनही काढल्या. रोममधील स्पॅनिश वकील ओलिव्हारेस याचा रकमेसाठीं तगादा सुरूच होता. सिक्स्तुसजवळ मात्र अन्य ठिकाणचीं पत्रें येत होतीं. मेनान्त्यास फांशीं देणारा हा पोप स्वतः वार्तांची छाननी करण्यांत कोणत्याही सावकारास हार जाणारा नव्हता. त्यानें वाट पाहिली, आणि डुकाट तिजोरींतच राहिले. फुगरांच्या त्या वर्षाच्या खंडांत जयाच्या व पराजयाच्या दोन्ही वार्ता एकमेकींच्या शेजारीं बांधलेल्या आहेत. बांधणाऱ्यानें खोटी ठरलेली पानें काढून टाकलीं नाहींत, याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत.

याच वर्षाच्या कागदांत तिथींचा एक घोटाळा अभ्यासकास हमखास भेटतो. ग्रेगरी पोपनें १५८२ सालीं पंचांग सुधारलें. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर धरण्यांत आला. कॅथलिक राज्यांनीं तें लौकर स्वीकारलें, इंग्लंडनें १७५२ पर्यंत स्वीकारलें नाहीं. त्यामुळें ग्रॅव्हलीनची लढाई लंडनच्या गणनेनें २९ जुलैची, तर रोमच्या गणनेनें ८ आगस्टची. आउग्सबुर्गमध्यें दोन्ही पंथांची वस्ती असल्यानें या पंचांगावरून १५८४ सालीं दंगलच झाली. शिवाय व्हेनिसचें वर्ष १ मार्चपासून व फ्लॉरेन्सचें २५ मार्चपासून सुरू होई. तेव्हां व्हेनिसच्या पत्रावरील फेब्रुवारी १५७१ म्हणजे आपल्या हिशेबानें फेब्रुवारी १५७२. शक, सुहूर सन व फसली यांची जुळणी करतां करतां ज्यांचे केस पिकले त्या आमच्या मंडळींस यांत नवल वाटणार नाहीं. पण हिशेब न करतां दोन पत्रकें शेजारीं ठेविलीं, तर घटनेपूर्वींच तिची वार्ता पोंचल्याचा चमत्कार दिसूं लागतो.

पत्रकावरील स्थळाविषयींही अशीच सावधगिरी हवी. 'व्हेनिसहून' याचा अर्थ घटना व्हेनिसची असा नव्हे; ती वार्ता व्हेनिसमध्यें गोळा झाली एवढाच. कॉन्स्टँटिनोपलची वार्ता व्हेनिसला येण्यास सुमारें महिना लागे. तेथून ती आउग्सबुर्गला जाई, तेथें जर्मनींत उतरे, मग आणखी कोठें जाई. प्रत्येक टप्प्यावर एक नवा हात, कांहीं गाळलेलें, कांहीं घातलेलें. म्हणून पत्रकाचा विश्वास तपासावयाचा तो लेखकाच्या नांवावरून नव्हे, तें नांव मिळतच नाहीं. तर वार्ता कोणकोणत्या टप्प्यांनीं आली आणि प्रत्येक टप्प्यास लागलेला काळ संभाव्य आहे कीं नाहीं, यावरून. तीन पत्रकांत एकच गोष्ट सांपडली म्हणजे तीन साक्षीदार मिळाले असें होत नाहीं. तिन्हींच्या तोंडीं एकाच व्हेनिसच्या पत्राचा उल्लेख असेल तर साक्षीदार एकच, नकला तीन.

या कसोटीनें फुगरांचे खंड पाहिले म्हणजे गुमास्त्यांच्या गुप्त अहवालांची कल्पना टिकत नाहीं. बहुसंख्य पत्रकें अँटवर्प, कोलोन, व्हेनिस, रोम, प्राग, व्हिएन्ना या वार्तांच्या पेठांतून आलेलीं आहेत. त्यांत फुगरांच्या पेढीच्या व्यवहारासंबंधीं अवाक्षर नाहीं. उलट त्यांतीलच मजकूर शब्दशः अन्य राजदरबारांच्या संग्रहांत सांपडतो. गुमास्त्याचा गुप्त कागद असा चहूंकडे सांपडता ना. शिवाय आउग्सबुर्गमधील येरेमियास क्रासर व येरेमियास शिफ्ल हे दोघे पैसे घेऊन पत्रकें पुरविणारे लेखक नांवानिशीं माहीत आहेत. फुगर बंधु हे या वार्तांचे गिऱ्हाईक होते. मोठे गिऱ्हाईक होते, नियमित होते, आणि सुदैवानें संग्राहक होते, एवढेंच. ओक्टाव्हियान व फिलिप एडुआर्ड यांचें खरें कर्तृत्व वार्ता मिळविण्यांत नसून त्या न फेंकण्यांत आहे. हजारों घरीं अशीं पत्रकें येत व वाचून चुलींत जात.

यास अपवाद आहेत, आणि त्यांतील कांहीं आपल्या किनाऱ्याचे आहेत. १५८० सालीं पोर्तुगालचें राज्य दुसऱ्या फिलिपकडे गेलें. पुढें १५८५ च्या सुमारास हिंदुस्थानांतून मिरीं आणण्याच्या ठेक्यांत रोव्हेल्लास्का या मिलानी व्यापाऱ्याबरोबर फुगर व वेल्सर या आउग्सबुर्गच्या पेढ्यांनीं भाग घेतला. त्यासाठीं फर्डिनंड क्रोन नांवाचा आउग्सबुर्गचा मनुष्य १५८७ सालीं इकडे आला. तो आधीं कोचीकडे मिऱ्यांचें काम पाही, पुढें गोव्यास राहिला, आणि १६२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षें, तो गोव्याच्या व्यापारांत होता. त्याच्यासारख्यांचीं पत्रें मात्र खऱ्या अर्थानें गुमास्त्याचीं पत्रें. हिंदुस्थानांतून गेलेल्या अशा कांहीं पत्रांच्या नकलाही व्हिएन्नाच्या खंडांत शिरल्या आहेत, आणि साध्या पत्रकांतून त्या तत्काळ ओळखूं येतात. त्यांत जहाजांचीं नांवें, मिऱ्यांचें वजन, राजांशीं झालेल्या तंट्यांचा हिशेब असतो.

गोव्याहून पत्र जाण्याच्या वाटा दोन. समुद्राची वाट वाऱ्याच्या अधीन : लिस्बनहून जहाजें वसंतांत निघत, पावसाळा सरल्यावर गोव्यास लागत आणि थंडींत परत फिरत, म्हणजे प्रश्नास उत्तर येण्यास दीड वर्ष. दुसरी वाट खुष्कीची : ओर्मझ, बसरा, अलेप्पो, तेथून व्हेनिस. माल या वाटेनें जावयाचा नव्हता, पण कागदास वजन नसतें. या दुसऱ्या वाटेमुळें आउग्सबुर्गच्या व्यापाऱ्यास गोव्यांत बसून युरोपचें वर्तमान जहाजांच्या आधीं मिळूं शके. मिऱ्यांचीं जहाजें निघालीं किती, बुडालीं किती, हें लिस्बनच्या बाजाराआधीं ज्यास कळेल त्याचा नफा ठरलेला. गोव्यांत १५५६ सालीं छापखाना आला होता. त्यांतून निघाले ते प्रामुख्यानें धर्मविषयक ग्रंथ. जहाजाची वार्ता हातानेंच लिहिली गेली. जातां जातां एक नोंद करून ठेवतों. याच मिऱ्यांच्या व्यापारांत असलेला फ्लॉरेन्सचा फिलिप्पो सास्सेत्ती १५८३ पासून कोची व गोवा येथें होता आणि १५८८ सालीं गोव्यांतच वारला. त्यानें स्वदेशीं धाडलेल्या पत्रांत संस्कृत व इतालियन शब्दांचें, विशेषतः संख्यावाचकांचें, साम्य टिपलेलें आहे. सर विल्यम जोन्सच्या दोनशें वर्षें आधींची ही नोंद मिऱ्यांच्या व्यापाऱ्याच्या हातची आहे.

हस्तलिखित पत्रकापासून छापील वर्तमानपत्र निघालें, ही गोष्ट आतां केवळ तर्काची राहिलेली नाहीं. तिला एक अस्सल अर्ज साक्षी आहे. स्ट्रासबुर्ग येथील योहान कारोलुस हा पुस्तकांचा व्यापारी दर आठवड्यास येणाऱ्या पत्रकांच्या नकला करून कांहीं धनिकांस वार्षिक वर्गणीवर देत असे. नकलांचें काम संथ व कष्टाचें. त्यानें एका दिवंगत मुद्रकाचा छापखाना बरीच रक्कम देऊन विकत घेतला होता. तेव्हां तोच मजकूर खिळ्यांनीं छापण्यास त्यानें आरंभ केला, आणि १६०५ च्या अखेरीस नगरसभेकडे अर्ज केला कीं, इतरांनीं आपली नक्कल छापूं नये अशी सनद मिळावी. सनद मिळाली नाहीं. पण अर्ज दफ्तरांत राहिला. त्याच्या पत्राचे उपलब्ध अंक १६०९ चे असल्यानें युरोपांतील पहिलें छापील वर्तमानपत्र १६०९ चें असें पूर्वीं मानीत. हा एक अर्ज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उजेडांत आला आणि ती तारीख चार वर्षें मागें गेली. कारोलुसला आपण कांहीं नवें युग सुरू करीत आहों असें मुळींच वाटत नव्हतें. नकलनवीसांचा खर्च वांचविणें, एवढाच त्याचा हेतु अर्जांत दिसतो. त्याच्या छापील पत्राचें रूपही हस्तलिखिताचेंच आहे : वरती गांव व तिथि, खालीं सुटे परिच्छेद, मथळे नाहींत, मत नाहीं.

आणि छपाई सुरू झाली म्हणून लेखणी थांबली असेंही झालें नाहीं. इंग्लंडांत पार्लमेंटच्या कामकाजाची हकीकत छापण्यास बंदी होती, लिहून पाठविण्यास मार्ग होता. तेथें हेन्री मडिमन १६६० नंतर कित्येक वर्षें वार्षिक ५ पौंड वर्गणीनें हस्तलिखित पत्रें परगण्यापरगण्यांत पाठवीत होता. जॉन डायर या दुसऱ्या पत्रलेखकास १६९४ सालीं कॉमन्स सभेनें कामकाजाच्या वार्ता लिहिल्याबद्दल समज दिली. फ्रान्सांत तर अठराव्या शतकांत पॅरिसच्या मादाम दुब्ले हिच्या दिवाणखान्यांत जमणाऱ्या मंडळींच्या हस्तलिखित वार्ता श्रीमंतांच्या घरोघर जात. या दोन्ही देशांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

येथवर जें सांगितलें त्यावरून एक अडचण संग्राहकांच्या नजरेस येईलच. पत्रकावर धनी नाहीं, लेखक नाहीं. तें कोणास व कां पाठविलें हें ज्या सोबतच्या पत्रावरून कळावयाचें, तें पत्र बहुधा निराळें पडलेलें असतें. वकील आपल्या खलित्यांत एखादें आव्वीझो घालून पाठवी. पुढें दफ्तर लावणाऱ्यानें खलिता एका रुमालांत, पत्रक दुसऱ्या रुमालांत ठेविलें. लंडनच्या सरकारी दफ्तरांत परराष्ट्रांतील वृत्तपत्रकांचा असा स्वतंत्र वर्गच केलेला आहे. शोधण्यास सोय झाली खरी. पण कोणत्या वकिलानें कोणतें पत्रक कोणत्या मताच्या पुष्ट्यर्थ धाडलें, हा पुरावा त्या सोयीपायीं बराच बुडाला. अशा वेळीं कागदाच्या घड्या, सुरळीचा बांक, मागील बाजूस राहिलेला लाखेचा डाग, दुसऱ्या हातानें लिहिलेली पोंचल्याची तारीख, एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते. समास छाटून सुंदर चामड्यांत बांधलेल्या खंडांत हींही खूण उरत नाहीं.

व्हेनिसच्या वकिलांनीं परत आल्यावर सभेपुढें सादर केलेल्या गुप्त अहवालांची गत याहून विलक्षण झाली. कायद्यानें ते कोणास दाखवावयाचे नव्हते. नकलनवीसांनीं ते उतरून विकले, आणि युरोपभर त्यांच्या वह्या झाल्या. एकोणिसाव्या शतकांत जर्मन इतिहासकार लेओपोल्ड फोन रांके यानें आपल्या इतिहासांत त्यांचा मुबलक उपयोग केला व स्वतःचाही संग्रह केला. रांकेच्या ग्रंथालयाबरोबर त्या वह्या १८८७ सालीं अमेरिकेंतील सिराक्यूज विद्यापीठानें विकत घेतल्या. दशमंडळानें जें चोरून नेऊं नये म्हणून पहारे बसविले, तें आतां अटलांटिकपलीकडे सूचीसह ठेवलेलें आहे.

उर्बिनोच्या ड्यूकांचा संग्रह यांत अधिक भाग्यवान ठरला. तें राज्य १६३१ सालीं पोपच्या मुलखांत सामील झालें आणि १६५७ सालीं ड्यूकांचें ग्रंथालय व्हॅटिकनमध्यें आलें. ज्या रोममध्यें आव्वीझी जवळ बाळगणें गुन्हा ठरविला होता, त्याच रोममध्यें पोपच्या ग्रंथालयांत त्यांचे खंडच्या खंड ओळीनें उभे राहिले. हे खंडही वर्षवार बांधलेले आहेत व आंत आठवड्यांचा क्रम बहुतांशीं शाबूत आहे. त्यामुळें एखाद्या आठवड्याचें पत्रक तेथें नसलें, तर तें नसल्याचेंही कळतें.